नळकोंडाळ्यावरची रांग

माणसं डॉक्टरला हात जोडतात, मास्तरांच्या पाया पडतात आणि नळवाल्याला शिव्या घालतात. पाणी आलं तर ते नदीचं, नाही आलं तर माझं, असा सगळा मामला. पाणीखात्यात फिटर म्हणून अख्खी उमर गेली, त्यामुळे ही तक्रार नाही हं, आपली जगाची रीत सांगतोय.

आमच्या बदलापुरातल्या वाचनालयाची मंडळी दिवाळी अंकासाठी मागे लागली, "नोकरीतलं काहीतरी लिहा की हो." म्हटलं, बघतो. पण कधी चिकटलो, कधी कायम झालो, निरोपाच्या दिवशी कोणी काय भाषण ठोकलं, ते लिहिणार नाही. ते कोणाला वाचायचंय! मला आपले नळ आठवतात आणि नळापाशी उभी असलेली माणसं आठवतात. त्यातलंच थोडंसं.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. नदीचं पाणी पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, तिथून ते मोठ्या लाइनीने खाली सोडायचं, मोठ्या लाइनीला फांद्या काढायच्या, फांदीला तोट्या बसवायच्या. दोन पाइप जोडताना आट्यांवर ताग गुंडाळायचा, वरून सफेदा लावायचा आणि पान्ह्याने आवळायचं. एवढं आलं की झालात फिटर. न येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पाणी पुढे कुठे काय करील ते ओळखणं. पाण्याला वशिला कळत नाही, त्याला फक्त उतार कळतो. खालच्या घराने तोटी उघडली की वरच्या घराची धार बारीक होते. वरच्याने चिडून नळाखाली खड्डा खणला आणि तोटी आणखी खाली नेली की तिसऱ्याचं पाणी जातं. मग तिसराही कुदळ शोधतो. तुम्ही हात लावता एकीकडे, धक्का बसतो भलतीकडेच. साहेब लोकांना नकाशावर हे दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही आधी दिसायचं नाही.

बदलापुरात एक काकू होत्या, विधवा, कडक सोवळ्यातल्या. मुलगा मुंबईला हापिसात जायचा, त्याने हौसेने घरात नळ घेतला. मी तोटी बसवून वळलो तर काकू म्हणतात, "थांब रे. हिच्यात चामड्याचा वायसर असतो म्हणे?" म्हटलं, असतो. "मग हे पाणी देवाला कसं चालेल?" मुलगा कपाळाला हात लावून बसला. शेवटी मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गोल कापला आणि चामड्याच्या जागी घातला. काकूंनी तोही निरखून पाहिला. "ही ट्यूब कुठे कुठे फिरून आलीय?" म्हटलं, "नवी कोरी आहे, काकू." कसली नवी, ठिगळांनी भरलेली होती! पुढे ते रबर फुगलं आणि धार दोऱ्याएवढी झाली. मी दुरुस्त करायला गेलो तर काकूंनी मलाच ऐकवलं, "नळाच्या पाण्यात मुळी जोरच नसतो." आणि परत आडावर जायला लागल्या, खुशीत. आडावर त्यांच्या चार मैत्रिणी यायच्या ना!

तेव्हा मी हसलो होतो. चार मैत्रिणींचं मोल मला ठाऊक नव्हतं.

मोरिवलीचंही असंच. अंबरनाथच्या कारखान्यांच्या अंगाला ते जुनं गाव. तिथे आम्ही नळ दिला, बायकांचे हाल वाचले, गावाने नारळ फोडला, मला पेढा मिळाला. विहिरीकडे मग कोणी फिरकेना. आणि विहिरीचं असं असतं की उपसा असला तर ती जिती राहते. ऐन मे महिन्यात पंप बिघडला, बाया घागरी घेऊन विहिरीवर धावल्या, तर पाण्याला वास, वर शेवाळाची साय. तिथल्या एक आजीबाई मला म्हणाल्या, "तू पाणी दिलंस रं बाबा, पन पाणी नेलंस बी." मला राग आला. एवढं राबायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं! रागारागाने डबा न खाताच परत आलो.

आता कॅम्पाची गोष्ट. फाळणीनंतर कल्याणच्या अलीकडे, जिथे लढाईच्या काळात सोल्जरांची छावणी होती, तिथे सिंधी निर्वासित आणून ठेवले. त्याचं पुढे उल्हासनगर झालं, पण आमच्या तोंडी कॅम्पच. लांबच लांब बराकी, आत टाट्या नाहीतर विटांची आडवी भिंत घालून खोल्या पाडलेल्या, एकेका खोलीत एकेक कुटुंब. घरात नळ नव्हते. बराकीच्या टोकाला एक नळकोंडाळं, म्हणजे सिमेंटचा ओटा आणि त्याला तोट्या. सकाळी थोडा वेळ पाणी, संध्याकाळी थोडा वेळ. माझी ड्यूटी तिथे लागली तेव्हा माझं लग्न होऊन मोडल्यासारखंच झालं होतं. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. अंबरनाथला एक खोली घेऊन एकटा राहायचो. घरी जायची घाई नसायची, म्हणून कॅम्पाची ड्यूटी कोणी घेत नसे ती मी आनंदाने घ्यायचो.

कोणी घेत नसे कारण तिथली भांडणं! पाणी यायच्या कितीतरी आधी भांड्यांची रांग लागायची. तुपाचे रिकामे डबे, बालद्या, मडकी, सोल्जरांनी टाकून दिलेले पेट्रोलचे डबे, एकाच्या मागे एक. माणसं घरात आणि भांडी रांगेत. कोणाचं भांडं कोणतं ते सगळ्या बराकीला पाठ. कोणी कोणाचं भांडं हळूच मागे सरकवलं की जुंपलीच! केस धरले जायचे, डबे फेकले जायचे. सिंधीतल्या शिव्या मी भाषा शिकायच्या आधी शिकलो. शेवटी बायकांनीच एक नियम केला. नंबर आला आणि भांड्याची मालकीण हजर नसेल तर भांड्याला हात लावायचा नाही, आधी दारात जाऊन तिला हाक मारायची. हाक मारल्यावर आली नाही तरच भांडं बाजूला. तो नियम मात्र सगळ्या पाळायच्या.

त्या रांगेत एक पितळी गागर असायची, पोटाला पोचा आलेली. ती पार्पती अम्मांची. अम्मां बराकीच्या अगदी खालच्या, शेवटच्या खोलीत राहायच्या. साठीच्या असतील. कराचीहून बोटीने नवऱ्याबरोबर आल्या, गोधडीत गुंडाळून ती गागर आणली, आणि नवरा इथे पहिल्याच हिवाळ्यात गेला. मूलबाळ नाही. पापड लाटून विकायच्या. मी तोट्या तपासायला गेलो की हटकून विचारायच्या, "पुट, मानी खाधी?" म्हणजे, लेका, जेवलास का? मला हे विचारणारं तेव्हा जगात दुसरं कोणी नव्हतं. मी खोटंच हो म्हणायचो, आणि त्या खोटं ओळखून भाजलेला पापड हातावर ठेवायच्या. खाताना डोळे पुसायचो आणि तिखटावर ढकलायचो.

एकदा त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी वायसर बदलत होतो. मधेच म्हणाल्या, "मरने का डर नहीं, पुट. सब मरते हैं. लेकिन किसी को पता तो चले." त्यांचा नवरा गेला तेव्हा त्या पाण्याच्या रांगेत होत्या. गागर भरून घरी आल्या तर तो गेलेला. किती वेळ तसा पडून होता ते त्यांना कधीच कळलं नाही, आणि तेवढंच त्यांना सलत होतं. माझी बायको गेली तेव्हा मी जांभूळ गावाला लाइन टाकत होतो. मान खाली घालून पान्हा फिरवत राहिलो.

अम्मांच्या शेजारच्या खोलीत मोहिनीबाई, चार पोरांची आई, आवाज असा की भोंगा लाजावा. तिचं आणि अम्मांचं हाडवैर. अम्मां हळू भरतात, गागर तीनदा विसळतात, पाणी वाया घालवतात, हे रोजचं रडगाणं. एका सकाळी पाणी आलं, रांग पुढे सरकली आणि अम्मांच्या गागरीपाशी अडली. गागर आदल्या संध्याकाळीच लागलेली, अम्मांचा पत्ता नाही. मोहिनीबाईचा नंबर नेमका त्यांच्या मागे. ती तणतणत गेली, दारावर धडाधडा थापा मारल्या, "ओ अम्मां, रानी हो क्या? गागर उठाओ अपनी!" आतून आवाज नाही. हिने दार ढकललं तर अम्मां तापाने फणफणलेल्या, शुद्ध नाही. मग तीच मोहिनीबाई ओरडत बाहेर आली, तिनेच दोन पुरुषांना हाका मारल्या, खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत राहिली असती तर हाताला लागली नसती. अम्मां वाचल्या. प्रेमाने कोणी गेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. ती भांडायला गेली होती. बऱ्या झाल्यावर अम्मां परत गागर तीनदा विसळायला लागल्या आणि मोहिनीबाई परत बोंबलायला लागली.

काही वर्षांनी घरोघर नळ द्यायचं ठरलं. लोकांनी अर्ज केले होते, मोर्चे नेले होते, त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमचे ओव्हरसियर साहेब भला माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "भांडणं मिटली पाहिजेत बघ. बायकांची अर्धी जिंदगी त्या रांगेत जाते." खरंच होतं ते. मी जीव ओतून काम केलं. बराकीच्या मागच्या भिंतीने पाइप नेला, प्रत्येक खोलीच्या मोरीत एक तोटी. एक जोड गळाला नाही. आजही म्हणेन, अशी सरळ लाइन त्या कॅम्पात दुसरी नव्हती. पण फांदीत पाणी तेवढंच, घरंही चालवायची आणि नळकोंडाळंही चालवायचं एवढा जोर नव्हता. म्हणून नळकोंडाळं बंद करायचा हुकूम आला.

सगळ्या बराकीत एकट्या अम्मां म्हणाल्या, मला नळ नको.

"अहो अम्मां, घरात पाणी येईल. वाकायला नको, उचलायला नको."

"फिर मेरी गागर किधर रखूं?"

"घर में रखो ना. नल के नीचे."

"वहां कौन देखेगा?"

मी हसलो. म्हटलं, पितळेची आहे म्हणून चोरीची भीती वाटत असेल. म्हातारं माणूस, सवय सुटत नाही, असंही वाटलं. मोहिनीबाईनेसुद्धा समजावलं, "लो अम्मां, अब तीन बार नहीं, तीस बार धोओ!" सगळ्या हसल्या, अम्मांही हसल्या. मी त्यांच्या मोरीत तोटी बसवली, त्यांना वाकावं लागू नये म्हणून जरा वर घेतली, खाली गागर ठेवायला विटांचा चौथरा बांधून दिला. दुसऱ्या दिवशी नळकोंडाळ्याच्या तोट्या काढून बुचं मारली.

आणि काय सांगू, बराक शांत झाली! साहेब येऊन कौतुकाने उभे राहिले. म्हणाले, "ऐक, काहीच ऐकू येत नाही." प्रत्येक घरात पाणी, प्रत्येक दार ओढून घेतलेलं. आपला नळ, आपली बादली. माझं तिथलं कामच संपलं. वायसर बदलायला कधी गेलो तर अम्मां भेटायच्या, पापड द्यायच्या. पूर्वी मी गेलो की बारा जणी एकदम तोंडाचा पट्टा सोडायच्या, आता कोणाला माझी गरज नव्हती. एकदा मी त्या बुचं मारलेल्या ओट्यावर उगाच बसलो होतो. अम्मां येऊन शेजारी बसल्या. मग त्या म्हणाल्या, "मोहिनी अच्छी थी." म्हटलं, "थी क्यों? आहे की शेजारी." त्या म्हणाल्या, "हां, है. दीवार के उधर."

आज मी बदलापुरात एकटा राहतो. परत लग्न केलं नाही, जमलंच नाही. दुधाची पिशवी दाराला लावलेली असते, पेपर फटीतून आत येतो, पाणी नळाला येतं. सबंध दिवसात कोणाला हाक मारायची वेळ येत नाही, आणि माझ्यामुळे कोणाची वाट अडत नाही. सगळी सोय आहे. एखादे दिवशी सकाळी जाग आल्यावर मी तसाच पडून राहतो आणि विचार करतो, आज उठलोच नाही तर कोणाचं काय अडेल? कोणाचं काही अडू नये म्हणूनच तर आयुष्यभर राबलो. आता त्याची भीती वाटते, हे कोणाला सांगू?

तर कॅम्पातली ती सकाळ, घरोघर नळ दिल्यानंतरची. मोहिनीबाई आणि तिघीचौघी रिकाम्या बालद्या वाजवत आमच्या चौकीवर आल्या. परवापासून बराकीला पाणी नाही. सगळ्यांच्या तोट्या नुसत्या फुसफुसतात. साहेबांना वाटलं, लाइन चोंदली असणार. मी जाऊन चेंबरमधली चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडून पाहिली तर पाणी पुऱ्या जोराने आत शिरत होतं. म्हणजे पाणी बराकीत जात होतं, पण घरांना मिळत नव्हतं. कुठेतरी एक तोटी सताड उघडी होती. मी घरोघर विचारलं. सगळ्यांच्या बंद. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी.

"अम्मांना विचारलंत?"

"वो?" मोहिनीबाईने तोंड वाकडं केलं. "वो आजकल किसी से बात नहीं करती. अपना नल, अपना पानी. मैंने कल भी दीवार पे ठोका, पानी बंद करो अम्मां! जवाब ही नहीं."

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

मोहिनीबाईने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे. हिला वाटत होतं तिने पाहिलं, तिला वाटत होतं हिने. मी म्हटलं, "तुम्ही सगळ्या आपापल्या नळापाशी जा. तोट्या उघडून उभ्या राहा. पाणी आलं की ओरडा." कामाची पद्धत तशीच असते, पण खरं म्हणजे मला तिथे कोणी नको होतं.

बराकीच्या मागे गेलो. वाहतं पाणी शोधायचं असलं की आम्ही पान्ह्याचं एक टोक पाइपाला लावतो आणि दुसरं कानामागच्या हाडाला. पाइपातला आवाज डोक्यात येतो. वरच्या खोलीमागे नुसती कुजबुज होती. एकेक खोली खाली गेलो तसा आवाज वाढत गेला. मोहिनीबाईच्या भिंतीमागे तो चांगलाच मोठा झाला. अम्मांच्या भिंतीमागे पान्हा लावायची गरजच नव्हती. मोरीतून पाणी गटारात पडत होतं, स्वच्छ, नितळ.

पुढे येऊन हाका मारल्या. मग दाराच्या फटीतून करवतीचं पातं घातलं आणि कडी वर उचलली.

अम्मां मोरीत बसलेल्या होत्या, भिंतीला टेकून. एक हात गागरीच्या गळ्यावर. विसळायला बसल्या असाव्यात. गागर काठोकाठ भरून वाहत होती आणि पाणी त्यांच्या हातावरून, पायांवरून मोरीत जात होतं. परवापासून तसंच. पाणी यायची वेळ झाली की ते यायचं, वेळ संपली की थांबायचं, परत यायचं. मी बांधलेला चौथरा, मी बसवलेली तोटी. मला रडू फुटलं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप पुढे गेला आणि मी तोटी बंद केली.

तेवढ्यात भिंतीपलीकडे बादलीत धाडकन धार पडली.

"आयो! पाणी आयो!" मोहिनीबाईचा आवाज. पलीकडच्या खोलीतून दुसरी ओरडली, मग तिसरी, बराकीच्या वरच्या टोकापर्यंत. पोरं टाळ्या पिटायला लागली. मोहिनीबाईने भिंतीवर थाप मारली. "अदा, फुल फोर्स है! किधर था लीकेज?"

अदा म्हणजे भाऊ. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. पाणी जायला अजून थोडा वेळ होता आणि अम्मांना आंघोळ घालायची होती.

"आधी पाणी भर, बाई," मी म्हटलं. "जेवढी भांडी आहेत तेवढी भर. सगळ्यांना भरायला सांग. मग इकडे ये."